मामाला तीन लाख द्यायचे की नाही?

गुहागर तालुक्यातल्या एका गावात मामाला तोंडाचा कॅन्सर निघाला. आधी ऑपरेशन, मग रेडिएशन असं ठरलं. मामेभावाने रत्नागिरीत नोकरी करणाऱ्या भाच्याकडे तीन लाख मागितले. भाच्याच्या डोक्यावर घराचं कर्ज. बायको म्हणते, दिले ते गेले समजा. आणि आजोळाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. त्याने आम्हाला विचारलं, "किती देऊ?"

आकडा ठरवण्याआधी पैसा कशाकशाला लागणार ते कागदावर मांडायला सांगितलं. तीन लाख आले कुठून, हे मामेभावालाही सांगता येईना. वाडीतल्या कुणाला तरी तेवढे लागले होते, एवढंच.

यातला मोठा खर्च, म्हणजे ऑपरेशन आणि रेडिएशन, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं चालतं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेतलं हवं आणि मंजुरी आधी हवी. खासगीत रोखीने भरलेलं बिल मागाहून योजनेतून मिळत नाही. "आधी ऑपरेशन उरकू, कागदाचं मग बघू" या एका वाक्यापायी घरं कर्जात गेलेली आहेत. म्हणून भरती होण्याआधी रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी जायचं, नाहीतर 155388 वर फोन करायचा.

मामाचं घोडं अडलं ते नावावर. रेशनकार्डावर 'बाळा', आधारकार्डावर पाळण्यातलं नाव. भाच्याने रजा टाकून मामीला घेऊन तहसीलची पुरवठा शाखा गाठली आणि नाव दुरुस्त करून घेतलं. त्याच फेरीत उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्जही केला, कारण योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे जायचं तर तो दाखला लागतो (वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 60 हजार). सोबत रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडावं लागतं. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, त्यामुळे अर्ज उपचार चालू असतानाच करायचा. भाच्याची ही रजा पन्नास हजारांच्या चेकपेक्षा जास्त कामाला आली, असं आमचं मत.

खरी गळती राहण्या-जाण्याच्या खर्चात असते. रेडिएशनच्या 30 बैठका म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, सलग सहा आठवडे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाचे रुग्ण राहतात, पण जागा मिळेलच असं नाही. म्हणून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच विचारलं, रेडिएशन जवळ, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात घेतलं तर चालेल का? त्यांनी होकार दिला, आणि मुंबईतली दीड महिन्याची खोली वाचली. ही अदलाबदल परस्पर करू नये. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं लागतं, आणि त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात. या धावपळीत तारीख हुकली तर वाचलेल्या भाड्याला काही अर्थ उरत नाही.

मुंबईला जावंच लागलं तर रुग्णालयाचं प्रमाणपत्र घेऊन रेल्वेच्या खिडकीवर तिकीट काढावं. स्लीपर आणि थ्री-एसीत रुग्णाला पूर्ण सूट असते, सोबतच्या एकाला 75 टक्के. गावाच्या मुंबई मंडळातल्या चाकरमान्यांकडे वर्गणी मागण्याऐवजी परळला सकाळी रांगेत उभं राहायला माणूस मागा. तो लवकर मिळतो.

मामाला नाकातून नळी होती. मामी महागड्या पावडरीचे डबे आणायला निघाली होती. आहारतज्ज्ञाने घरचंच लावून दिलं: नाचणीची पेज, वरण, दूध, उकडलेलं अंडं, सगळं मिक्सरमधून काढून बारीक गाळलेलं. दर दोन-तीन तासांनी 200 ते 250 मिली, मामाला अर्धवट बसवून. दर वेळी शेवटी स्वच्छ पाणी सोडायचं, नाहीतर पेज आत सुकून नळी बंद पडते आणि ती बदलायला पुन्हा रुग्णालयाची फेरी.

मामेभावाने कलमं विकायचं मनात घेतलं होतं. सातबारा सामायिक, पाच नावांचा. घाईत भाव पडला असता तो वेगळाच. त्यापेक्षा बाग एका हंगामासाठी खंडाने दिली आणि आगाऊ रक्कम घेतली. सावकाराचे 'शेकडा पाच' ऐकायला थोडे वाटतात, पण ते महिन्याचे असतात. वर्षाला 60 टक्के होतात.

आता भाच्याचा प्रश्न. अशा वेळी उसने देऊ नयेत. फिटत नाहीत, आणि पुढच्या गणपतीत दोन्ही घरं एकमेकांची नजर चुकवतात. परत आले नाहीत तरी चालतील एवढेच द्यावेत, आणि ते पहिल्याच दिवशी बोलून मोकळं व्हावं. पतीपत्नी दोघं समोर बसली आणि महिना 8 हजार, सहा महिने, असं ठरलं. पैसे मामेभावाकडे न देता मामीच्या खात्यात. मामी संकोचली, तेव्हा भाचा म्हणाला, "मामी, हे उसने नाहीत. हिला विचारूनच देतोय." खर्चाची वही मात्र मामेभावानेच लिहायची, रोजच्या रोज, रिक्षाभाड्यासकट.

शेवटचे दोन हप्ते बाजूला ठेवायला सांगितले. उपचार संपल्यावर पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. तोवर मदत करणारे पांगलेले असतात, आणि गाडीभाड्यासाठी फेरी चुकते.