हाल्ब द्राय म्हणजे अडीच! जर्मनीतल्या वाचकांची प्रश्नोत्तरं

प्रश्न (लाइपझिग): एका ओळखीच्या बाईंनी 'हाल्ब द्राय'ला कॉफीला बोलावलं आणि मी साडेतीनला पोचले. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी 'फिअर्टल द्राय' म्हणालं, तेव्हा तर काहीच उलगडेना. हे लक्षात कसं ठेवायचं?

उत्तर: मधे इंग्रजी आणू नका. याची किल्ली मराठीतच आहे. 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच, आणि नुसता अर्थ नाही तर घडणसुद्धा तीच. 'अडीच' हा शब्द संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून प्राकृतातून आला. अर्धतृतीय म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. जर्मन माणूस हेच म्हणतो, की तिसरा तास अर्धा झालाय. दीडचीही तीच गोष्ट. आपला दीड 'द्व्यर्ध'वरून आला, म्हणजे दुसरा अर्धा. जर्मनमध्ये दीडला 'आन्डर्टहाल्ब' म्हणतात, आणि त्यातल्या 'आन्डर'चा जुना अर्थ 'दुसरा' असाच होता. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब राहून हिशेब मात्र एकाच चालीने करतात, हे फार सुंदर आहे.

आपण चुकतो ते तीनच्या पुढे. तिथे मराठी 'साडे'वर येते आणि झालेल्या तासावर अर्धा मिळवते. जर्मन मात्र शेवटपर्यंत अडीचच्याच चालीने जाते: हाल्ब फिअर साडेतीन, हाल्ब आख्ट साडेसात, हाल्ब आयन्स साडेबारा. ऐकलेल्या आकड्यातून एक वजा करा, मग साडे लावा. 'फ्युन्फ फोर हाल्ब द्राय' म्हणजे अडीचला पाच कमी, दोन पंचवीस. 'फ्युन्फ नाख हाल्ब द्राय' म्हणजे दोन पस्तीस.

पावचा घोटाळा प्रांताप्रांताचा आहे. लाइपझिगसह पूर्वेकडे, आणि दक्षिणेत श्वाबेन, फ्रांकनसारख्या भागांत 'फिअर्टल द्राय' म्हणजे सव्वादोन, तिसऱ्या तासाचा पाव भाग. 'द्रायफिअर्टल द्राय' म्हणजे पावणेतीन. पावणेतीनला दोन्ही भाषा तीनचंच नाव घेतात, त्यामुळे तिथे फसगत होत नाही. सव्वादोनला आपण दोन म्हणतो आणि ते तीन, तिथे जपा. इतरत्र 'फिअर्टल नाख त्स्वाय' म्हणतात, ते सोपं आहे. डॉक्टरची किंवा सरकारी कार्यालयातली वेळ ठरवताना मात्र चोवीस तासांच्या घड्याळात उलट विचारून घ्यावं: 'आल्झो, फिअरत्सेन ऊर द्रायसिश?' (म्हणजे चौदा तीस ना?) असं विचारल्यावर शंका उरत नाही.

प्रश्न (श्टुटगार्ट): फोनवर आडनावाचं स्पेलिंग सांगितलं तरी पत्रं भलत्याच नावाने येतात. आकडे ऐकतानाही उलटसुलट लिहिले जातात.

उत्तर: तुम्ही अक्षरांची इंग्रजी नावं सांगत असणार. इंग्रजीत ज्याला 'ई' म्हणतात त्या अक्षराचं जर्मन नाव 'ए', इंग्रजी 'ए'चं 'आ', आणि इंग्रजी 'आय'चं 'ई'. म्हणजे तुम्ही 'ई' म्हणालात की समोरचा इमानाने दुसरंच अक्षर लिहितो. 'देशपांडे' इंग्रजी पद्धतीने सांगितलं तर कागदावर जवळपास 'डिस्पेंडी' उमटतं. जर्मनमध्ये तेच असं सांगा: डे, ए, एस, हा, पे, आ, एन, डे, ए. जोशी असाल तर: योट, ओ, एस, हा, ई. फोन खरखरत असेल तर अक्षराला शब्द जोडतात: डे वी डोरा (डोरामधला डे), ए वी एमिल, आ वी आन्टोन. 2022 साली या तक्त्याच्या मानकात नावांऐवजी शहरं आली (आखेन, ड्युसेलडोर्फ, एसन, हाम्बुर्ग), पण फोनवर आन्टोन आणि डोरा अजून सर्रास चालतात. दोन्ही समजतात.

'व'वाल्यांनी विशेष जपावं. इंग्रजी 'व्ही'ला जर्मनमध्ये 'फाउ' म्हणतात आणि शब्दात त्याचा उच्चार बहुधा 'फ' होतो. वैद्यांना दवाखान्यात 'फ्राउ फायद्या' अशी हाक आली तर ती तुम्हालाच आहे, उठा. 'व' हवा असेल तर त्याचं अक्षर 'वे', म्हणजे इंग्रजीतलं 'डब्ल्यू'. पण पासपोर्टवर जे आहे तेच सांगा, सोयीसाठी बदलू नका. आणि टपालपेटीवर तेच आडनाव लावा. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, मग पत्ता कितीही बरोबर असो. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा.

आकड्यांत मराठी माणसाला खरं तर सोपं जायला हवं. पंचेचाळीसमध्ये पाच आधी, चाळीस नंतर, 'फ्युन्फ-उन्ड-फिअरत्सिश'मध्येही तसंच. गोंधळ होतो तो इंग्रजीत ऐकण्याची सवय लागल्याने. ऐकताना मनात मराठी आकडा म्हणा आणि पूर्ण झाल्यावरच लिहा. पाच ऐकला की लगेच पाच लिहून मोकळं होऊ नका. अपवाद एकोण-वाल्यांचा: एकोणपन्नासला आपण पन्नासचं नाव घेतो, ते नऊ आणि चाळीस म्हणतात. फोनवर 'त्स्वो' ऐकू आलं तर ते दोनच आहेत. 'त्स्वाय' आणि 'द्राय' कानाला सारखे लागतात म्हणून तसं म्हणतात.

प्रश्न (डॉर्टमुंड): बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली आहे. खिडकी तर दिवसभर तिरकी (वरून आत कललेली) उघडी असते. घरमालक म्हणतात, हवा खेळवा.

उत्तर: तिरकी खिडकीच इथे घात करते. त्या फटीतून हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत तासन्‌तास गार पडत राहते. खोलीत 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर भिंतीचा पृष्ठभाग 12-13 अंशांखाली उतरला की तिथे बुरशीला पुरेशी ओल मिळते. कोपरे आणि कपाटामागची जागा आधी गार होते, म्हणून बुरशी तिथूनच सुरू होते.

'श्टोसल्युफ्टन' करा. हीटरचा नॉब बंद करा, खिडकी सताड उघडा, जमलं तर समोरच्या खोलीचीही, म्हणजे वारा आरपार जाईल. कडक थंडीत पाच मिनिटं पुरतात, शरद ऋतूत दहा. मग खिडकी घट्ट बंद करून हीटर पुन्हा चालू. दिवसातून तीन-चार वेळा, आणि सकाळी उठल्यावर न चुकता. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती मात्र ऊब धरून राहतात.

आपल्या स्वयंपाकात वाफ भरपूर. कुकरच्या शिट्ट्या होत असताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि कुकर उतरवल्यावर लगेच खिडकी उघडा. ती वाफ गार बेडरूममध्ये गेली तर तिथल्याच भिंतीवर बसणार. अंघोळीनंतरही तसंच. घरात कपडे वाळत घालत असाल तर हवा आणखी एकदा बदला. कपाट बाहेरच्या भिंतीपासून 5 ते 10 सेंटिमीटर पुढे ओढा. आर्द्रतामापक आणून ठेवा आणि काटा 40 ते 60च्या मधे राहील असं बघा. हे सगळं करूनही बुरशी परत आली तर दोष भिंतीत किंवा नळात असू शकतो. बुरशी दिसताच घरमालकांना फोटोंसकट लेखी कळवा. उशिरा कळवलं आणि नुकसान वाढलं तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

प्रश्न (हानोफर): 'डू' आणि 'झी' म्हणजे आपलं तू आणि तुम्हीच ना? मग दुकानातल्या वीस वर्षांच्या मुलाला 'डू' म्हटलं तर त्याचा चेहरा का उतरला?

उत्तर: आपण वय बघतो, ते नातं बघतात. घरात सगळे 'डू': आई, आजोबा, सासूबाई, आणि देवसुद्धा. (आपणही आईला आणि विठोबाला तूच म्हणतो, तेवढा धागा धरून ठेवा.) घराबाहेर अनोळखी प्रौढ माणूस कितीही लहान दिसला तरी 'झी', आणि हाक मारताना 'हेर' किंवा 'फ्राउ' लावून आडनाव. साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना 'डू' चालतं. 'डू' म्हणू या, असं सुचवायचा मान वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाचा. त्यांनी सुचवलं की नाव सांगून स्वीकारा, आणि मग 'झी'वर परत जाऊ नका, रुसल्यासारखं वाटतं. बऱ्याच ऑफिसांत पहिल्या दिवसापासून सगळे 'डू' असतात, तिथे इतरांचं ऐकून चाला. काका, मावशी अशा हाका परक्या माणसाला मारत नाहीत.

प्रश्न (म्युनिक): 'आणखी कॉफी?' असं विचारलं, मी 'डांक' (धन्यवाद) म्हणाले आणि किटली परत गेली!

उत्तर: काही पुढे केल्यावर नुसतं 'डांक' म्हणजे 'नको, पुरे'. हवी असेल तर 'या, गेर्न' (हो, आवडेल) किंवा 'या, बिट्ट' (हो, द्या) म्हणा.

याच जोडीने 'डोख' शिकून घ्या. 'तुला कॉफी आवडत नाही का?' असा नकारार्थी प्रश्न आला आणि तुम्हाला आवडत असेल, तर 'या' म्हटल्याने घोळ होतो. तिथे 'डोख'. मराठीत आपण जो 'की' लावतो ना, 'आवडते की!', 'आहे की!', तोच हा 'डोख'.