लेकरू रडलं नाही तर

चि. डॉक्टर, अनेक आशीर्वाद.

जन्मताना गुदमरलेल्या बाळाला थंड ठेवायचं मशीन आपल्याकडे नाही, म्हणून तू हळहळतेस. ते आधी डोक्यातून काढ. मेंदू वाचावा म्हणून बाळाचं अंग ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास ठेवतात, सुरुवात जन्मापासून ६ तासांच्या आत. श्रीमंत देशांत याचा फायदा दिसला हे खरं. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत झालेल्या हेलिक्स अभ्यासाचा निकाल २०२१ साली आला. थंड केलेल्या गटातली ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्या गटातली ३१ टक्के. तालुक्याच्या गावात बर्फाच्या पिशव्या लावा असं कुणी सुचवलं, तर सरळ नाही म्हण. आपण तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये राखायचं, बस्स. एप्रिल-मेमध्ये तर आपल्याकडे उलटीच पंचाईत: ऊब देणारा वॉर्मर चालू, वर दोन दुपटी, आणि लेकरू तापतं. मार बसलेल्या मेंदूला ताप सोसत नाही.

काम असतं ते पहिल्या मिनिटात. लेकरू रडलं नाही की गलका होतो. कुणी पाय धरून उलटं करतं, कुणी पाठीत थापट्या मारतं, दारातून एखादी आजी कांदा फोडायला सांगते. तू पुसून कोरडं कर, ओला कपडा बाजूला टाक, मान किंचित मागे घे. पाठ चोळून बघ. तरी श्वास नाही? नाळ लगेच काप आणि ॲम्बू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, उचल. अपगारचे, म्हणजे जन्मल्यावर बाळाची अवस्था ठरवायचे, गुण मोजायला थांबायचं नाही, ते नंतर केसपेपरवर लिहायचे.

मिनिटाला ४० ते ६० श्वास. 'दाब, दोन, तीन' असं मोठ्यानं म्हण, म्हणजे घाईत वेग वाढत नाही. नजर छातीवर. छाती उचलत नसेल तर मास्क पुन्हा बसव, मान नीट कर, तोंडातला चिकटा काढ. हवा बहुतेक वेळा हनुवटीपाशी निसटते. करंगळीनं जबडा वर धरला की मास्क चिकटतो. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला म्हणून हात थांबवू नकोस. दिवस भरलेल्या बाळाला सुरुवात साध्या हवेनंच करायची असते, आणि हे सिद्ध करण्यात दिल्लीच्या डॉ. सिद्धार्थ रामजींचा मोठा वाटा आहे. छाती नीट हलतेय आणि तरी हृदयाचे ठोके मिनिटाला ६० च्या खाली, तरच छाती दाबायची, ३ दाबांना १ श्वास. बाळानं पोटातच शी केल्यानं गर्भाचं पाणी हिरवं असलं म्हणून घशात नळी घालून सरसकट ओढणं आता बंद झालंय. जुन्या सिस्टर कुरकुर करतील, करू दे.

बॅग सुरू न करताच लेकरू १०८ मध्ये घालून अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयात धाडायचं, ही आपल्याकडची वाईट खोड आहे. वाटेत श्वास कोण देणार? आधी श्वास लाव, मग रक्तातली साखर बघ, झटके असतील तर ते थांबवणारं फिनोबार्बिटोन २० मिलिग्रॅम प्रतिकिलो सावकाश दे, तिथल्या डॉक्टरांना फोन कर, मग गाडी. कितव्या मिनिटाला श्वास लागला ते चिठ्ठीवर हवंच.

आणखी एक. बाई गावातून कळा देत आली की कुणी 'कळा वाढवायची सुई' टोचली का, हे सासूला नाही, तिला एकटीला विचार. ही सुई ऑक्सिटोसिनची, आणि ते स्नायूत दिलं की त्याला आवर घालता येत नाही. दोन कळांमध्ये गर्भपिशवी सैल पडली नाही तर बाळाला रक्त पुरत नाही. अशा वेळी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं डॉप्लर हातातून सोडू नकोस. ठोके मिनिटाला ११० ते १६० मध्ये हवेत.

लेकरू वाचलं, काचेच्या पेटीतून बाहेर आलं, की घरचे खूश होऊन जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. त्यात बीडकडची ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर निघतात. चौथ्या महिन्यात मान धरली नाही, मुठी आवळलेल्याच राहिल्या, म्हणजे मेंदूला मार बसल्याच्या खुणा दिसल्या, तर तिकडच्या पालावर ते कुणाच्या लक्षात येणार? म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच मुकादमाचा नंबर आणि कारखान्याचं नाव कार्डावर लिहून घे, आणि गावच्या आशाताईंनाही दे.

तुझी,
मॅडम