कोळीवाडा म्हणजे फक्त वस्ती का?

प्रश्न असा, की किनाऱ्यावरचे मासेमार आपल्या राहत्या जागेला सांस्कृतिक रूप कसं देतात?

मी नाशिकचा, समुद्र पाहुणा म्हणूनच पाहिलेला. आधी एक गल्लत काढतो: आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात राहतात ते महादेव कोळी, समुद्रावरचे सोनकोळी वेगळे. नाव सारखं म्हणून आपण सगळ्यांना एकाच जाळ्यात ओढतो.

वरळी किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात घरापुढची मोकळी जागा रिकामी नसते. तिथेच जाळी विणायची, बोंबील वाळवायचे, आणि हळदीला मांडवही तिथेच. बिल्डरला ती ‘पडीक जमीन’ दिसते, पण ती गेली की धंदा आणि सण एकदमच जातात. बाजारात विक्री बायकांच्या हातात, त्यामुळे मासळीबाजार हीही त्यांचीच जागा. भाव करून बघा, कळेल.

वर्षही समुद्रच ठरवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, मग श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ. होडी हीसुद्धा पूजेची जागाच.

आणि गंमत म्हणजे कित्येक कोळ्यांची कुलदेवता एकवीरा समुद्रावर नाही, कार्ल्याच्या डोंगरात, लेण्यांना लागून आहे. चैत्रात पालख्या घेऊन लोक घाट चढतात. म्हणजे त्यांची जागा किनाऱ्यावर संपत नाही. मुंबईचं नाव ज्या मुंबादेवीवरून पडलं, तीही मुळात कोळी-आगऱ्यांचीच देवी.