सुरक्षा पॅकेज राहू द्या, आधी आरसी बुक उघडा

प्रश्न: माझ्याकडे २०१४ ची मारुती ईको आहे, पेट्रोल. २०२२ मध्ये ओळखीच्या माणसाकडून २ लाख ६० हजारांना घेतली. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतून एक ईको चोरीला गेली. गॅरेजवाला तीन वर्षांचं 'सुरक्षा पॅकेज' देतोय: जीपीएस, अलार्म आणि गाडी गेली तर ३ लाखांची लेखी हमी, सगळं मिळून २४,००० रुपये. विमा एजंट म्हणतो, आयडीव्ही (गाडी गेली तर कंपनी देते ती पॉलिसीतली ठरलेली किंमत) वाढवून साडेतीन लाख करून देतो. दोन्ही करावं की एकच? विमा मी दरवर्षी मुदतीत भरतो, फुल इन्शुरन्स आहे. आरसी आणि पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर ठेवली आहे, त्यामुळे ५० टक्के नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधली सूट) मिळतो. बचत दीड लाख आहे.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर: तुमच्या पत्रातलं बोनसचं वाक्य मी दोनदा वाचलं. जी गोष्ट तुम्ही फायदा म्हणून सांगताय, तिच्यामुळे आज गाडी चोरीला गेली तर तुमच्या हातात एक रुपयाही पडण्याची खात्री नाही. पॅकेजचं नंतर बघू.

गाडी विकली की थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा भाग, कायद्यानं आपोआप नव्या मालकाकडे जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ तेवढ्यापुरतंच आहे. चोरी, आग, स्वतःच्या गाडीचं नुकसान हा भाग आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९६ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याची गाडी राहिली नाही, आणि गाडी ज्याच्याकडे आहे त्याचा कंपनीशी करारच नाही. क्लेम फेटाळायला कंपनीला याहून सोपं कारण मिळणार नाही. नोटरी केलेला स्टॅम्प पेपर दाखवून ते बदलत नाही.

बोनसचं तर आणखीच अवघड. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकानं कमावलेली सूट तुम्ही वापरताय, आणि ती क्लेमच्या वेळी उघडकीला येते. हिशेब करा: थर्ड पार्टी ३,४१६, अपघात विमा तीनेकशे, स्वतःच्या नुकसानीचा भाग बोनस वजा जाता साधारण १,८००, वर १८ टक्के जीएसटी. झाले साडेसहा हजार. बोनस नसता तर साडेआठ हजार. वर्षाला दोन हजार वाचवायला तुम्ही दोन लाखांची गाडी उघडी टाकली आहे.

त्या तीनशे रुपयांकडेही बघा. पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा नोंदणीकृत मालक-चालकाचा असतो. म्हणजे गाडी तुम्ही चालवताय आणि संरक्षण आधीच्या मालकाला आहे. तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरच्यांना काही मिळणार नाही.

तेव्हा पहिलं काम आरटीओचं. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, त्यांवर विकणाऱ्याची आणि तुमची सही, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरायचा. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहिलेला असतो. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, त्यामुळे एचएसआरपी (नवी सुरक्षा नंबरप्लेट) नसेल तर काम तिथेच अडेल. सरकारी फी तीनशेच्या आसपास, उशिराचा दंड वेगळा. एजंटकडून करून घेतलंत तरी पाचेक हजारांत बसायला हवं.

विकणारा सहीला टाळाटाळ करत असेल तर त्याला एवढंच सांगा: अपघातात कुणी दगावलं तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या माणसावर येते, सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. बहुतेक दुसऱ्या दिवशीच येईल. आणि हे आत्ताच करा. उद्या तो हयात नसला तर फॉर्म ३१, वारसदार आणि त्यांच्या सह्या, असं ते लांबत जातं. येताना दुसरी किल्लीही मागून घ्या. चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि एकच दिलीत की 'किल्ली गाडीतच होती का?' इथून चौकशी सुरू होते.

आरसी नावावर झाली की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्या. कंपनी गाडी तपासेल आणि उरलेल्या मुदतीची बोनसची रक्कम वसूल करेल. मुकाट्यानं भरा. तुमचा स्वतःचा बोनस शून्यापासून सुरू होईल, पुढच्या वर्षी २० टक्के.

आता आयडीव्ही. बाजारात पावणेदोन-दोन लाखांना जाणाऱ्या गाडीला साडेतीन लाख लावून देतो म्हणणारा एजंट तुम्हाला फक्त जास्त प्रीमियम विकतोय. पाच वर्षांनंतर आयडीव्ही आपसात ठरते हे खरं, पण बाजारभावाच्या दीडपट-दुप्पट आकडा घेऊन क्लेमला गेलात तर वाद ओढवून घ्याल. दोन लाखांच्या आसपास ठेवा. चोरीत त्यातून सक्तीची कपात १,००० रुपये जाते, बाकी मिळते. गाडीची किंमत लाखाखाली आली की स्वतःच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग बंद करून नुसता थर्ड पार्टी ठेवला तरी चालेल. दीड लाख बचतीत आज तसं करू नका.

पॅकेजच्या हमीबद्दल एकच विचारा: ३ लाख देणार कोण? विमा कंपनी सोडून कुणी 'गाडी गेली तर पैसे' म्हणत असेल तर तो विमा नाही, गॅरेजच्या लेटरहेडवरचं वचन आहे. वर्षाला ८,००० म्हणजे गाडीच्या किमतीच्या चार टक्के. खऱ्या विम्याचा चोरीचा भाग त्याच्या निम्म्यात येतो.

तुमच्या ईकोला कंपनीचा इमोबिलायझर (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं उपकरण) नसेल, तर तो खरा धोका आहे. गिअर लॉक, दीड-दोन हजार. फ्युएल पंपाच्या लाइनवर रिले आणि लपवलेला स्विच, म्हणजे तो बंद असला की इंजिन चालत नाही, हजारभर. जोड पिळून टेप मारलेला नको, सोल्डर आणि फ्यूजसह हवा, नाहीतर चोर राहील बाजूला आणि वायरिंग पेटेल. जीपीएस हवंच असेल तर आत स्वतःची बॅटरी असलेलं घ्या. बॅटरीची वायर ओढली की साधं जीपीएस संपतं.

ईकोत गाडीपेक्षा सायलेन्सर जास्त जातात. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम असतं. समजा नवा ४०,००० चा पडला, तर दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागावर विम्यात ५० टक्के घसारा (जुनेपणाची वजावट), वर १,००० कपात. हातात १९,००० आणि बोनसही गेला. त्यापेक्षा वेल्डरकडून आठ-दहा एमएम सळईचा पिंजरा करून घ्या, अडीच हजार. सायलेन्सरपासून इंचभर अंतर हवं, आणि वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर ईसीएमचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, बिल येईल.

एवढं करूनही गाडी गेलीच तर त्याच दिवशी एफआयआर आणि विमा कंपनीला कळवणं. पैसे पोलिसांची 'अ समरी' (चोरी खरी, पण तपास लागला नाही, असा अहवाल) आल्याशिवाय मिळत नाहीत, आणि त्याला काही महिने जातात. गाडीवर रोजचं पोट असेल तर तेवढ्या महिन्यांच्या भाड्याचे पैसे दीड लाखातून वेगळे काढून ठेवा. आणि हो, ईकोतून भाड्यानं माल किंवा माणसं नेत असाल तर खासगी पॉलिसीवर क्लेम बसणार नाही. तसं असेल तर परवान्यासकट पुन्हा लिहा.