कॅनडातील कोणत्या स्वतंत्र प्रकाशकाकडे कविता, कादंबरी, नाटक असे विविध प्रकारांतील नवे साहित्य एकत्र मिळेल?

टोरांटोच्या ‘कोच हाउस बुक्स’ची वसंत आणि शरद अशा दोन हंगामांत येणारी नवी यादी आपण प्रथम पाहावी, कारण १९६५ साली सुरू झालेली ही छोटी संस्था कविता, कादंबरी, नाटक आणि शहरजीवनावरील वैचारिक लेखन या सर्वांना आपल्या यादीत स्थान देते. या निवडीचा कस पुरस्कारांवरूनही कळतो: माणसाची बुद्धी लाभलेल्या पंधरा कुत्र्यांची आंद्रे ॲलेक्सिस यांची कादंबरी २०१५ मध्ये, तर १९२९ सालच्या आगगाडीतील एका कृष्णवर्णीय सेवकाची सुझेट मेअर यांची कादंबरी २०२२ मध्ये कॅनडाच्या मानाच्या गिलर पुरस्काराची मानकरी ठरली. शिवाय पुस्तके एका गल्लीतील स्वतःच्या जुन्या छापखान्यात छापली जातात. कागद जाडसर, किंचित रेघाळ असतो, आणि त्या गल्लीच्या काँक्रीटमध्ये, जिचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या कवी बीपी निकोल यांची एक छोटी कविता कोरलेली आहे. निष्ठेने काम करणारा प्रकाशक म्हणजे काय, ते इथे दिसते. मात्र संस्थेचा कल प्रयोगशील लेखनाकडे आहे. सरळ रहस्यकथा हवी असल्यास ही यादी उपयोगी पडणार नाही.