मुदत सरली की सरकली?

चिकोडीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: युद्धाच्या बातम्यांत 'येते सहा महिने निर्णायक' असं म्हणतात, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. याला मराठीत 'मुदतवाढ' म्हणावं का?

म्हणू नये. मुदतवाढ कुणीतरी मागतं, कुणीतरी देतं. सोसायटीच्या कर्जाला ती मिळाली तरी जुनी तारीख कागदावर राहते. बेळगाव भागातल्या कन्नड पेपरांत 'गडुवु विस्तरणे' येतं, त्याचाही अर्थ हाच. युद्धाच्या या बोलण्यात मात्र जुन्या तारखेचं कुणी नावच काढत नाही. 'चालढकल'ही बसत नाही, कारण लढाई चालूच असते; पुढे जातो तो फक्त डावपेच फसले की साधले याचा निवाडा. 'मोहलत' समोरच्याला द्यायची असते.

मी 'सरकती मुदत' म्हणेन. मुदत भरते, उलटते, टळते, सरते. या सगळ्यांत ती संपते. 'सरली'मध्ये एक 'क' घातला की ती संपायचीच थांबते.

इराक युद्धात हे ठळक दिसलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे स्तंभलेखक थॉमस फ्रीडमन नोव्हेंबर 2003 पासून पुढचे सहा महिने कळीचे असल्याचं पुन्हा पुन्हा लिहीत राहिले, आणि 2006 मध्ये अमेरिकेत सहा महिन्यांच्या काळाला 'फ्रीडमन युनिट' हे नावच पडलं.

खरी गोम 'येते' आणि 'पुढचे' या शब्दांत आहे. ते बोलणाऱ्याच्या आजपासून मोजतात, म्हणून वाक्य जेव्हा उच्चारावं तेव्हा मोजणी नव्याने सुरू होते. 'सहा महिन्यांत' आणि 'सहा महिन्यांनी' यांतही फरक आहे: पहिल्यात निकाल मधे कधीही लागू शकतो, दुसऱ्यात काळ पुरा झाल्यावरच. पण मोजणी कुठून, हे दोन्हींत सांगावंच लागतं. 'अखेर' किंवा 'पर्यंत' लावून तारीख दिली की खुंटी बसते.

अमेरिकी संसदेने मे 2007 च्या कायद्यात तेच केलं: इराकी सरकारसाठी 18 निकष, आणि अहवाल 15 जुलै व 15 सप्टेंबरपर्यंत. सप्टेंबरमध्ये संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 3 निकष पूर्ण, 4 अंशतः आणि 11 अपूर्ण ठरवले. त्यावर वाद झाला, पण वाद घालायला हातात आकडे होते.

तेव्हा बातमी मराठीत आणताना 'येते सहा महिने निर्णायक' एवढंच लिहू नका. 'अमुक सेनापतीच्या मते 30 जूनअखेर अमुक शहर ताब्यात यायला हवं' असं लिहा. मुळात तारीख नसेल, तर 'तारीख दिली नाही' हेही लिहा.