कोटेशन मागितलं की टाळाटाळ: ट्रॅक्टर खरेदीचे प्रश्न

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली की सालदारांचे (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचे) नवे करार सुरू होतात आणि ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गर्दी वाढते. या वेळी आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे. डीलर नीट सांगत नाही, लिहून देत नाही, आणि पैसे घेतल्यावर फोन उचलत नाही. त्यातली सहा पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: बारा एकर काळी जमीन आहे, कापूस आणि मका घेतो. ४५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. डीलर किंमत तोंडी सांगतो आणि दर वेळी वेगळी सांगतो. कोटेशन मागितलं तर म्हणतो, "आधी बुकिंग करा, मग देतो." अनुदानाचा अर्जही केला आहे. काय करावं? (एक वाचक, पारोळा)

उत्तर: आकडा कागदावर आला की तुम्ही तो अमळनेरच्या किंवा धुळ्याच्या डीलरला दाखवाल, ही त्यांची खरी भीती असते. तुम्ही नेमकं तेच करायचं आहे.

तोंडी विचारणं आता बंद करा. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर किंवा वेबसाइटवर स्वतःच्या नावाने चौकशी नोंदवा. मग त्याच कंपनीच्या दोन-तीन डीलरना व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मजकूर पाठवा: मॉडेलचं पूर्ण नाव, क्लच सिंगल की ड्युअल, स्टिअरिंग साधं की पॉवर, मागचे टायर १३.६×२८ की १४.९×२८, आणि कोटेशन किती तारखेपर्यंत लागू राहील. यातलं एक जरी मोघम राहिलं तरी दोन कोटेशनांची तुलना होत नाही. एकाने दहा हजार कमी सांगितले म्हणून आनंदाने जावं, तर तिथे सिंगल क्लच आणि बारीक टायर निघतात.

कोटेशनमध्ये मूळ किंमत, जीएसटी, विमा, आरटीओचा खर्च आणि हूड, बंपर, हुक यांसारखं जोडसामान या पाच गोष्टी वेगवेगळ्या ओळींत हव्यात. शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. मूळ किंमत ७ लाख धरली तर कर ८४,००० ऐवजी ३५,००० होतो. एकच गोळा आकडा दिला तर हे ४९,००० तुमच्यापर्यंत पोचले की नाही, कळायला मार्ग नाही. "हँडलिंग चार्ज" किंवा "फाइल चार्ज" अशी ओळ दिसली तर तो कशाचा, ते विचारा आणि काढायला लावा. विमा त्यांच्याकडूनच घ्यावा असं बंधन नाही. दुसऱ्या कंपनीचा दर काढून आणा.

अनुदानाबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. "आता घेऊन टाका, अनुदान मागून येईल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर निवड होऊन पूर्वसंमतीपत्र मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान हातचं जातं. निवडीनंतर कोटेशनसोबत ट्रॅक्टरचा परीक्षण अहवालही लागतो. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे ट्रॅक्टर तपासून हा अहवाल तयार होतो. अर्जाला जोडण्याआधी तो स्वतः वाचा. पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, प्रत्यक्ष किती एचपी मिळते, हायड्रॉलिक किती किलो उचलते, डिझेल किती लागतं, हे सगळं त्यात मोजून दिलेलं असतं. बॉनेटवरचा आकडा इंजिनाचा असतो आणि पीटीओपर्यंत येताना त्यातली साधारण १० ते १५ टक्के ताकद कमी होते. रोटाव्हेटर पीटीओवर चालतो, त्यामुळे तुमच्यासाठी खरा आकडा अहवालातला आहे.

प्रश्न: केळीच्या बागेसाठी मिनी ट्रॅक्टर बघतोय. डीलरकडे एकच मॉडेल उभं आहे आणि तेच घ्या म्हणतो. शेतात डेमो मागितला तर शोरूमच्या आवारात फिरवून दाखवतो. डेमोत नेमकं काय बघायचं? (एक वाचक, सावदा)

उत्तर: आवारातल्या चकरेने फक्त ट्रॅक्टर चालू होतो एवढं कळतं. "डेमो माझ्या बागेत, माझ्या अवजारावर, डिझेल माझं" असं सांगा. तरीही नाही म्हणाला तर ते मॉडेल आधीच वापरणारा शेतकरी रावेर-यावल पट्ट्यात सापडायला वेळ लागणार नाही. त्याच्या बागेत जाऊन बघा आणि त्या डीलरची सर्व्हिस कशी आहे, तेही तिथेच विचारा.

पहिलं काम टेपचं. मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. रोटाव्हेटरची बाहेरची रुंदी वेगळी मोजा, कारण बऱ्याच वेळा झाडाला टायर नाही, रोटाव्हेटरची बाजूची पाटी लागते. ५×५ फुटांच्या बागेत दोन्ही बाजूंना किमान वीतभर मोकळी जागा उरली पाहिजे. ठिबकच्या नळ्या कुठून जातात, तेही याच वेळी बघा. बांधाकडेला वळताना एका दमात वळतो की दोनदा मागे-पुढे करावं लागतं, ते मोजा. दिवसभरात अशी शेकडो वळणं होतात.

दुसरी चाचणी घसरीची. मागच्या टायरवर खडूने एक रेघ ओढा. अवजार वर उचलून चाकाचे बरोबर १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि अंतर मोजा. मग त्याच जमिनीत, त्याच गिअरमध्ये अवजार जमिनीत घालून पुन्हा १० फेरे मोजा. समजा पहिलं अंतर २८ मीटर आलं आणि दुसरं २४. चार मीटर घसरले, म्हणजे सुमारे १४ टक्के. १५ टक्क्यांच्या पुढे गेलं तर डिझेल आणि टायर दोन्ही वाया जातात. वजन वाढवावं लागेल, नाहीतर अवजार लहान करावं लागेल. ही चाचणी मोगड्याने किंवा नांगराने करा. रोटाव्हेटरची पाती जमीन कापताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, त्यामुळे त्याने घसर कळतच नाही आणि डेमो मात्र झकास दिसतो.

शेवटी रोटाव्हेटर पूर्ण वर उचलून इंजिन बंद करा आणि जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. बराच खाली आला असेल तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. त्याच्या खाली हात किंवा पाय घालून बघायचं नाही, लांबूनच मोजा.

प्रश्न: दसऱ्याला मिळेल म्हटलेला ट्रॅक्टर आता मिळतोय. जुना स्टॉक किंवा डेमोचा ट्रॅक्टर गळ्यात मारतील अशी भीती आहे. कसं ओळखायचं? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर: भीती अनाठायी नाही. उरलेली रक्कम देण्याआधी, दिवसाउजेडी आवारात जाऊन तपासा. फोटो आणि पेढे नंतर.

फॉर्म २१ (विक्रीचं प्रमाणपत्र) आणि फॉर्म २२ (वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र) आधी हातात घ्या. फॉर्म २१ मध्ये उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. इंजिन नंबर आणि चासी नंबर बिलावर, फॉर्मवर आणि विम्यावर तोच आहे का, ते ट्रॅक्टरवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की छाप उमटतो. तो छाप स्वतःकडे ठेवा. एका आकड्याची चूक आरटीओत महिनाभर फिरवते.

मग टायर. कडेला कोरलेल्या नंबरात शेवटी चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२वा आठवडा. ट्रॅक्टर नवा आणि टायर वर्षभर आधीचे, असं असेल तर कारण विचारा. मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे आणि जवळपासच्याच आठवड्यांतले असावेत. बॅटरीवरची तारीख बघा. अवर मीटर बघा. कारखान्यातून येणं आणि तपासणी धरून काही तास समजण्यासारखे आहेत, पण २५-३० तास म्हणजे तो ट्रॅक्टर कुठेतरी राबला आहे. ब्रेक पेडलवरचं रबर, लिफ्टच्या आर्मवरचा रंग आणि ड्रॉबारची भोकं घासलेली दिसली तर मीटर काहीही सांगो, प्रश्न विचारा.

डेमोचा किंवा जुन्या सालचा ट्रॅक्टर घेणं वाईट नाही. मात्र तसं बिलावर लिहून आणि किंमत उतरवूनच घ्यावा.

प्रश्न: डीलर "फक्त ९ टक्के व्याज" म्हणून खासगी फायनान्स देतोय. ६ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, सहामाही हप्ते. घ्यावं का? (एक वाचक, शहादा)

उत्तर: "९ टक्के फ्लॅट की रिड्युसिंग?" एवढं विचारा. फ्लॅट असेल तर दर वर्षी पूर्ण ६ लाखांवर ५४,००० व्याज लागतं, पाच वर्षांत २ लाख ७० हजार. सहामाही हप्ता ८७,०००. फेडलेल्या मुद्दलावरही तुम्ही व्याज भरत राहता. तेच ९ टक्के रिड्युसिंग, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर, असते तर हप्ता सुमारे ७५,८०० आणि एकूण व्याज १ लाख ५८ हजारांच्या आसपास आलं असतं. फरक १ लाख १२ हजारांच्या जवळ जातो. सहामाही हप्त्यांत फ्लॅट ९ टक्के म्हणजे खरा दर जवळपास १५ टक्के. आधी स्वतःच्या बँकेत आणि जिल्हा बँकेत दर विचारा. कोऱ्या चेकवर आणि रिकाम्या फॉर्मवर सही करू नका. कर्ज फिटल्यावर एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. हे काम वर्षानुवर्षं राहून जातं आणि ट्रॅक्टर विकायच्या वेळी नडतं.

प्रश्न: दुसऱ्या जिल्ह्यातून ट्रॅक्टर घेतला, तिथे २२,००० कमी पडले. आता मागच्या एक्सलमधून तेल गळतंय आणि जवळचा डीलर म्हणतो, "जिथून घेतला तिथे न्या." (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर: वॉरंटी कंपनीची असते. कंपनीच्या अधिकृत डीलरने "माझ्याकडून घेतला नाही" म्हणून वॉरंटीचं काम नाकारू नये. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि तोच क्रमांक घेऊन जवळच्या डीलरकडे जा.

त्याआधी सर्व्हिस पुस्तिका उघडा. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते. नवे गिअर एकमेकांत बसताना निघालेला लोखंडाचा बारीक कीस तेलात उतरतो, आणि तो काढायला ही सर्व्हिस वेळेवर व्हावी लागते. तिचा शिक्का नसेल तर वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. टायर, बॅटरी आणि डिझेल पंप यांची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या-त्या कंपनीची असते, हेही लक्षात ठेवा.

वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर सोडताना जॉब कार्ड घ्या. त्यावर तारीख, मीटरचे तास आणि तक्रार तुमच्या शब्दांत हवी: "उजव्या एक्सलच्या सीलमधून तेल गळते, ब्रेक ओला होतो." नुसतं "जनरल चेकअप" लिहू देऊ नका. तीच गळती दोनदा काढून पुन्हा आली, तर या कार्डांशिवाय तुमच्या हातात पुरावा नसतो. आणि ब्रेकवर तेल आलं असेल तर दुरुस्त होईपर्यंत ट्रॉली जोडू नका. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया त्याच ट्रॉलीत बसतात आणि शेतीच्या ट्रॅक्टरच्या विम्यात त्या प्रवाशांना संरक्षण नसतं.

प्रश्न: बुकिंगचे ११,००० दिले. दोन महिने झाले. ट्रॅक्टर नाही, पैसेही नाहीत. (एक वाचक, साक्री)

उत्तर: पावती डीलरच्या फर्मच्या नावाची आहे ना? सेल्समनच्या खात्यावर पाठवले असतील तर आजच फर्मला व्हॉट्सअ‍ॅप आणि पत्र दोन्हीने कळवून ते कशाबद्दल दिले, हे लिहून घ्या. मग पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा: अमुक तारखेला रक्कम दिली, अमुक तारखेची डिलिव्हरी ठरली होती, १५ दिवसांत पैसे परत करा. प्रत कंपनीला. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर धुळ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. "ट्रॅक्टर धंद्यासाठी आहे, तुम्ही ग्राहक नाही" असा मुद्दा समोरून येऊ शकतो. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने धंद्याच्या वापरात मोडत नाही, म्हणून तक्रारीला सातबारा आणि आठ-अ जोडा.